आक्का, हुरडा भाजायलाव

आमच्या आप्पांनी सख्ख्या बहिणीला मुडदा भाजायला बोलावलं. थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगते, न्हाईतर माझं पोट फुटतंय.

आप्पा म्हणजे माझे वडील. पालमजवळ आमचं शेत. त्यांची थोरली बहीण, आमची आक्काआत्या, गंगाखेडला दिलेली. दोन वर्षांपासून दोघांत अबोला. कारण? माझ्या भावाच्या लग्नात आप्पा तिला 'आक्का, पहिल्या पंगतीला बस' म्हणायचं विसरले. (ते वाढायच्या गडबडीत होते. ती उपाशीच गेली. दोघंही मानी, दोघांनाही शुगर.)

यंदा ज्वारी हुरड्याला आली तसे आप्पा रोज बांधावर उभारून म्हणायचे, "आक्काला हुरडा लय आवडतो." एवढंच. पुढं काहीच न्हाई.

"मग फोन करा की."

"अन् तिनं उचलला न्हाई तर?"

तेव्हा मला कळलं, आप्पा रागात न्हाईत, भ्यालेत! मी परभणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, म्हणजे घरातली शास्त्रज्ञ मीच. म्हणलं, "मेसेज करा. टाईप करायचं न्हाई, नुसतं बोलायचं. फोन आपोआप लिहितोय."

"त्या डबड्याशी बोलू? लोकं काय म्हणतील?"

"म्हशीशी बोलताव तेव्हा काय म्हणतेत?"

म्हैस कामाला आली. आप्पांनी फोन तोंडापुढं धरला, खाकरले, टोपी नीट केली (फोनला दिसतंय म्हणून) अन् बोलले, "आक्का, हुरडा भाजायलाव. ये."

दोन वर्षांचं एवढंच निघालं. मी सेंड दाबलं.

"एकदा वाचून तरी बघ बाई," आई म्हणली.

"आई, मशीन हाय. चुकत नसतंय."

आता, आमचं 'भाजायलाव' म्हणजे 'आम्ही भाजत आहोत'. हे मशीनच्या बापाला ठाऊक न्हाई. त्यानं लिहिलं: आक्का मुडदा भाजायला ये.

आमी गेलो शेतात. तिथं रेंज न्हाई. तिकडं आत्या फोन लावून लावून थकली अन् तिनं धरलं, भाऊच गेला अन् त्याच्या फोनवरनं दुसऱ्या कुणी कळवलं.

दुपारी बांधाला जीप थांबली. आत्या तिथूनच गळा काढून. मागं तिचे मालक, म्हणजे आमचे मामा (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतेत), डोक्यावर दुरडी घेऊन. लिंबाखाली आमी गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. धूर, अन् धुराभोवती उकिडवी बसलेली माणसं. तिला अजून काय पायजे?

"माझ्या भावा रेऽऽ, न भेटताच गेलास रेऽऽ! एक डाव ये म्हणला असतास तर पळत आले असते रेऽऽ!"

धुरामागनं आप्पा उठले. हाताला राख, मिशीला कुसळं.

"आक्का, आलीस?"

आत्यानं आप्पांच्या पाठीत असा दणका घातला की हातातलं कणीस आगटीत पडलं. "जित्ता हायस? मग मुडदा कुणाचा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मोबाईल ओढणीआड नेला, पण उशीर झाला होता. मेसेज वाचून मामा ढेकळात बसून हसले. आई हसली. आत्याला हसायचं नव्हतं, तिनं ओठ लय घट्ट दाबले, पण नाकातनं निघालंच.

आप्पांनी पोतं झटकलं, आगटीजवळ अंथरलं. टोपी नीट केली. मग म्हणले, "आक्का, पहिल्या पंगतीला बस."

ती बसली. डोळे पुसले, म्हणली, "धूर लय हाय बाबा."

अन् दुरडीत काय होतं? सुतकाच्या घरी नेतेत ते पिठलं-भाकरी. हुरड्यासंगं तेच खाल्लं. भारी लागलं.

जाताना आत्या म्हणली, "मला बी शिकव ते डबड्याशी बोलायचं." शिकवलं. काल तिचा पहिला मेसेज आला: सोने तुझा हुरडा बसवला. (सोने म्हणजे मी.)

मी नाचतच आप्पांना दाखवलं, "बघा, आत्यानं माझ्यासाठी हुरडा ठेवलाय!"

आप्पांनी वाचलं. माझ्याकडं बघितलं. "शास्त्रज्ञ बाई, ती हुरडा न्हाई म्हणली."

तुमच्या फोननं बी तुमच्या घरात असं काही केलंय का? सांगा ना. फक्त टाईप करून सांगा, बोलून नको.