दहा वेळा चुकीचं

आज दुपारी लेक मोबाइलवर इंग्रजी शब्दांचे उच्चार ऐकत बसली होती. त्यातून 'डिव्हेलपमेंट' असं आलं, जोर 'व्हेल'वर, आणि निवडायला घेतलेली मेथी माझ्या हातातच राहिली.

लातूरच्या कॉलेजातलं माझं पहिलं वर्ष होतं. निलंग्याहून रोज एसटीनं यायची. पत्र्याखालचा वर्ग दुपारी भट्टीसारखा तापायचा, खडूची भुकटी घामेजल्या हाताला चिकटायची. त्या दिवशी इंग्रजीच्या सरांनी मला फळ्याकडं बोलावलं. मी हा शब्द चार तुकड्यांत तोडला आणि दुसऱ्या तुकड्यावर आघाताची खूण केली.

"पहिल्यावर कर," सर म्हणाले.

"सर, डिक्शनरीत दुसऱ्यावर हाय."

अख्खा वर्ग माझ्या 'हाय'ला हसला. सरही हसले.

"आधी मराठी नीट बोल, मग मला इंग्रजी शिकव. म्हण, डेव्हलपमेंट. 'डे'वर जोर. दहा वेळा."

मी बरोबर होते. आदल्याच दिवशी वाचनालयात बसून मी तो शब्द पाहिला होता. तरी मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, दहाच्या दहा वेळा चुकीचं.

"शाब्बास. बस जागेवर," सर म्हणाले.

सरांचा राग आजही येतो, हसणाऱ्यांचाही येतो. पण अंगाची आग होते ती दुसऱ्याच गोष्टीनं. बाकावर जाऊन बसले तेव्हा त्या 'शाब्बास'नं मला बरं वाटलं होतं.