आधी दोघांत

“आधी दोघांत, मग चौघांत.”

वडील हे दिवसातून किती वेळा म्हणत याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पुस्तकबांधणीच्या त्या लांबलचक खोलीत कुणाचं काही चुकलं, कुणी कुणावर तोंड टाकलं, की ते आपलं लाकडी स्टूल उचलत, त्या माणसाशेजारी नेऊन ठेवत आणि बसत. मग आवाज इतका खाली जाई की शेजारच्या टेबलाला नुसते ओठ हलताना दिसत. बोलणं संपलं की स्टूल परत जागेवर. काय बोलणं झालं ते ना त्यांच्या तोंडून कळे, ना त्या माणसाच्या.

आता तुम्हीच सांगा, पंचवीस माणसांच्या खोलीत दोघं कुजबुजू लागले तर उरलेल्या तेवीस जणांच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

वडील म्हणजे तिथले मुकादम. उंच, खांद्यात वाकलेले, डाव्या करंगळीचं शेवटचं पेर कटिंग मशीननं तरुणपणीच खाल्लेलं. एका लहानशा ख्रिस्ती मंडळीनं त्यांना आपला वडील म्हणून निवडलं होतं. तिथल्या माणसांच्या सुखदुःखाची जबाबदारी त्यांच्यावर. कारखान्यातले लोक त्यांना आधी थट्टेनं ‘वडील’ म्हणू लागले आणि मग सवयीनं म्हणत राहिले.

थोरली मात्र अजून थट्टेनंच म्हणायची.

थोरली जुळणीच्या टेबलावर होती, एकोणीस वर्षं. त्याच टेबलावर तिची धाकटी जाऊही होती, म्हणून या दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, संपलं. छापलेल्या कागदाची घडी घातली की त्याचा फर्मा होतो. असे फर्मे लांब टेबलाच्या कडेनं गठ्ठ्यागठ्ठ्यानं मांडलेले असत. जुळणीवाल्या बायका टेबलाभोवती चालत, एकेका गठ्ठ्यावरून एकेक फर्मा उचलत, आणि फेरी पुरी झाली की हातात अख्खं पुस्तक येई, फक्त शिवायचं बाकी. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक बारीक काळी खूण छापलेली असते, प्रत्येकावर जरा खाली सरकलेली. सगळे फर्मे क्रमानं लागले की त्या खुणांच्या उतरत्या पायऱ्या दिसतात. पायरी मोडली की समजावं, फर्मा चुकला. थोरली पूर्वी चालता चालता नुसती नजर टाकून दुसऱ्याच्या गठ्ठ्यातली मोडलेली पायरी दाखवायची. खोलीतल्या निम्म्या बायकांना हे काम तिनंच शिकवलेलं.

आणि आता तिला त्या पायऱ्या दिसत नव्हत्या.

एकदम नाही झालं हे. वर्षभरापूर्वी कडा पुसट झाल्या, मग मधेच धुकं आल्यासारखं होऊ लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. बोटांनी जाडी चाचपायची, किती पावलं झाली ते मनात धरायचं, आणि डोळ्यांचं काम हातांकडून करून घ्यायचं. आंधळ्या जुळणीवालीला कोण ठेवतं? नवऱ्याचं काम सहा महिने असे आणि सहा महिने नसे. घर तिच्या या टेबलावर उभं होतं. नवऱ्याला म्हणायची, दिव्याचा उजेड कमी झालाय. नवरा बिचारा दोनदा दिवा बदलून आला.

अशात एक दिवस कटिंगवाला, जो यंत्राच्या खडखडाटातही थट्टा सोडत नसे, तिला म्हणाला, “काय काकू, वडील तुमच्या चिठ्ठ्या जपून ठेवायला लागले! या वयात!”

“कसल्या चिठ्ठ्या?”

“निळ्या रेघेच्या. गठ्ठ्यावरून काढतात आणि शर्टाच्या खिशात. रोज एखादी तरी.”

थोरली हसली. हसावंच लागलं. जुळलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर बाई आपली चिठ्ठी ठेवते. धाकटीची लाल टिंबाची, हिची निळ्या रेघेची. चिठ्ठी म्हणजे सही. मुकादम आपल्या सह्या खिशात गोळा करतो आणि आपल्याला एक शब्द बोलत नाही, याचा अर्थ काय? पुरावा जमवतोय. पुरेसा जमला की मालकापुढं टाकेल आणि वर म्हणेल, मला फार वाईट वाटतं.

त्या दिवसापासून ती त्यांच्यावर पाळत ठेवू लागली. वडील सगळ्यांच्या मागून डबा उघडतात, का? सगळे काय बोलतात ते आधी ऐकायला. वडील स्वतः पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या बादल्या धुतात, का? बादल्यांच्या नळापाशी बायका मन मोकळं करतात म्हणून. चांगली गोष्ट जितकी चांगली, तितकं तिच्यात पाणी जास्त मुरतंय असं तिला वाटायचं.

मग एका दुपारी स्टूल धाकटीशेजारी गेलं. चांगली पंधरा मिनिटं तिथं राहिलं. धाकटी डोळे पुसत उठली.

“काय म्हणाले गं?” थोरलीनं वाटेत विचारलं.

“काही नाही, ताई.”

“काही नाही म्हणून रडलीस?”

“माझं होतं काहीतरी. तुमचं नव्हतं.”

तुमचं नव्हतं! विचारलं नसताना हे कशाला सांगावं? थोरलीनं त्या रात्री जावेला भाकरीही वाढली ती न बोलता. घरात धाकटीच एक होती जिनं दोनदा तिला सुईत दोरा ओवून दिला होता. हिनंच डोळ्यांचं सांगितलं असणार. हिला टेबलाच्या तोंडाची माझी मानाची जागा हवीय.

रविवारी तिनं एक उद्योग केला. वडील एवढे मोठे कुठले लागून गेले ते बघू, म्हणून त्यांच्या मंडळीच्या जागी गेली आणि बाहेरच्या खिडकीशी उभी राहिली. तिला वाटलं होतं, हा माणूस उंच खुर्चीवर बसून उपदेश करत असेल. बोलत भलताच कुणी होता. वडील शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. प्रार्थना सुटल्यावर दोन पुरुष गाण्यांवरून तावातावानं भांडू लागले, आधी कोणतं म्हणायचं आणि कोण ठरवणार. वडील उठले. एकाला बाहेर नेलं, भिंतीशी उभं राहून हळू बोलले. मग दुसऱ्याला नेलं. मग दोघांना. मग आत जाऊन त्यांनी खुर्च्या आवरल्या, बादली घेतली आणि मागचा संडास धुवायला गेले.

ते खिडकीशेजारूनच गेले. थोरलीला बघून थबकले. “तुम्ही? आत या ना.”

“नको. इथून चालले होते. वडील असून तुम्ही हे धुता?”

“आमच्याकडे वडील झालं की हेच काम पहिलं मिळतं,” ते म्हणाले. “ज्याला पुढं व्हायचं त्यानं सगळ्यांचा सेवक व्हावं, असं आमच्या प्रभूनं शिकवलंय. मला गाता येत नाही, मग उरतं काय?” ते हसले. मग बादली खाली ठेवून जरा जवळ आले. “थोरल्या बाई, बरं झालं भेटलात. मला तुमच्याशी दोन शब्द...”

“उशीर झाला मला,” ती म्हणाली आणि निघाली. वाटभर तिच्या डोक्यात एकच. इथंही तेच! एकाला कोपऱ्यात घ्यायचं, मग दुसऱ्याला. दोघांची मनं हातात ठेवायची. आणि लोकांना दाखवायला बादली.

त्यानंतर स्टूल तीनदा तिच्या दिशेनं आलं. एकदा ती पाणी प्यायला गेली, एकदा तिनं फर्मे मोजायला घेतले, एकदा सरळ डोकं दुखतंय म्हणून घरी गेली. ती उठली की वडील उभेच राहत, स्टूल हातात, आणि मग परत फिरत.

कटिंगवाल्यालाच एकदा तिनं डिवचलं. “तुमचे वडील चौघांत का बोलत नाहीत हो? घाबरतात?”

नेहमी थट्टा करणारा तो माणूस या वेळी थांबला. “नवे मुकादम झाले तेव्हा बोलायचे, काकू. एका शिवणाऱ्यानं पुस्तकाची पाठ वाकडी शिवली, तर यांनी ते पुस्तक वर धरून सगळ्यांना दाखवलं. खोली हसली. त्या माणसानं ॲप्रन काढला आणि गेला तो गेलाच. वडील त्याच्या घरी तीन रविवार जाऊन आले. दार उघडलं नाही. तेव्हापासून हे स्टूल.”

“आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनीच ना?”

“नाही,” तो म्हणाला. “हसणाऱ्यांत मी होतो.”

थोरलीच्या मनातली अढी तरीही सुटली नाही. ती सुटणं तिला परवडणारं नव्हतं.

मग तो मंगळवार आला. सकाळीच मालक आपल्या खोलीतून बाहेर आले, हातात शाळेचं विज्ञानाचं पुस्तक. कधी न ओरडणारा माणूस ओरडला. एका शाळेतून चाळीस पुस्तकं परत आली होती. चौथा फर्मा दोनदा, पाचवा नाहीच. “पोरं हृदयाची आकृती शोधतायत आणि तिथं पुन्हा पचनसंस्था! कुणाचं काम हे?”

यंत्रं एकेक थांबली. थोरलीच्या हातातले फर्मे ओले झाले, इतका घाम.

वडील पुढं झाले. “दोष माझा आहे, मालक. दीड महिना झाला, मला माहीत आहे. सापडले तेवढे गठ्ठे मी जेवणाच्या सुट्टीत नीट केले. हे चाळीस सुटले.”

“माहीत असून गप्प बसलात? कोण आहे?”

“ज्याचं आहे त्याच्याशी आधी बोलतो. नाही पटलं तर दोघं जण सोबत घेऊन. मग तुमच्यापुढं. शास्त्रानं आम्हाला हाच क्रम शिकवलाय.”

“तुमचं शास्त्र रविवारी. आज मंगळवार आहे.”

“आजही तेच आहे, मालक.”

मालकांनी घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं.”

वडिलांनी स्टूल उचललं. सगळी खोली स्टुलाकडे बघत होती. ते शिवणाऱ्यांच्या बाजूनं आलं, धाकटीला ओलांडून आलं आणि थोरलीपाशी टेकलं.

त्या क्षणी तिच्यातली दीड महिन्याची भीती तोंडावाटे बाहेर पडली. “बसू नका!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “माझ्याशी कोपऱ्यातलं बोलणं नको. जे आहे ते चौघांत बोला!”

“थोरल्या बाई, हळू.”

“हळू कशाला? खिशात काय आहे ते काढा बाहेर. माझ्या निळ्या रेघेच्या चिठ्ठ्या आहेत ना? का जमवल्यात त्या? सांगा यांना!”

नुकत्याच शिजवून आणलेल्या खळीच्या बादलीवरचं झाकण तेवढं वाफेनं टकटकत होतं. आणि तिला तिचेच शब्द, दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखे, ऐकू आले. वडिलांनी मालकांना तिचं नाव सांगितलं नव्हतं. तिचं नाव तिनंच घेतलं होतं.

मालकांनी हात पुढं केला. “वडील, चिठ्ठ्या द्या.”

“त्या नाही देत.”

“मग मुकादमीच्या चाव्या द्या.”

वडिलांनी कमरेच्या चाव्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. ॲप्रन काढला, घडी घातली. बांधणीवाल्याचीच घडी, कडेला कड. मग ते तिच्याकडे वळले, वाकले आणि खिशातली चिठ्ठ्यांची चवड तिच्यापुढं ठेवली. काय बोलले ते फक्त तिनं ऐकलं. शेजारच्या टेबलाला नुसते ओठ हलताना दिसले.

“या तुमच्या आहेत. मी बोलायला यायचो, तुम्ही उठून जायचात. आणि खरं सांगतो, तुम्ही उठलात की मला बरं वाटायचं. अवघड बोलणं टळायचं. ती माझी चूक. डोळे दाखवून घ्या, बाई. हात अजून खोलीत सगळ्यांत चांगला तुमचाच आहे.”

मग ते दाराकडे निघाले.

चिठ्ठ्या समोर होत्या, खळीची बादली पायाशी. झाकण उघडायचं, चवड सोडायची, वर पळी फिरवायची; मालकांपाशी मग एका बाईच्या संतापाशिवाय काही उरत नव्हतं. म्हणूनच दिल्या असतील का? मी बुडवते की नाही ते बघायला? तिनं बोट चिठ्ठ्यांवर फिरवलं. कोपरे दुमडलेले, घामानं मऊ झालेले. दीड महिना छातीशी वागवलेल्या. दाखवायच्याच असत्या तर माणूस इतके दिवस कशाला वागवेल?

“मालक,” ती म्हणाली. “रेघ माझी आहे. मला खुणा दिसत नाहीत. वर्ष झालं.”

मालक चाव्या उचलून म्हणाले, “आत या. एकट्याच या,” आणि आपल्या खोलीत शिरले.

यात काय होतं ते तिला कळेना. ही वडिलांची रीत होती, की दार लावून कामावरून काढून टाकायची? धाकटीनं तिचा दंड धरला. थोरलीनं सोडवून घेतला नाही.

“माझ्याबद्दल काय म्हणाले होते तुला? त्या दिवशी?”

“काही नाही, ताई. माझ्या घड्या तिरक्या होत होत्या, ते सांगितलं. घरचं विचारलं, म्हणून रडू आलं. तुमचं नावही नाही काढलं.”

दोघी खिडकीशी गेल्या. खाली अंगणातून वडील चालले होते, कागदाच्या रिळांमधून, ॲप्रनची घडी काखेत. थोरलीला एक उंच, वाकलेला डाग दिसत होता, हळूहळू फाटकाकडे सरकणारा. फाटकापाशी तो डाग थांबला. मग पुन्हा सरकला, आणि मग नुसतं फाटक उरलं.

“वळून बघितलं का गं त्यांनी?”

धाकटी फाटकाकडेच बघत म्हणाली, “बघितलं, ताई. हातही केला.”

थोरलीनं जावेच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून. तिथंही धुकंच होतं. खरं सांगतेय की माझं मन राखतेय, ते काही तिला कळलं नाही. आणि आतून मालकांनी दुसऱ्यांदा हाक मारली तरी ती खिडकीशीच उभी होती.