खिंडसीच्या धुक्यातली थाळी

देवाकडे काही मागायची मला कधी सवय नव्हती. रामटेकच्या गडावर मी लहानपणापासून जात आले, रामावर माझा जीवही आहे, पण मागायची वेळ आली की जीभ अडते. जे आपल्या हातापायांनी होतं ते त्याच्या गळ्यात कशाला घालायचं, असा माझा स्वभाव. विषमज्वराने हा तोरा उतरवला. उन्हाळाभर अंथरुणाला खिळले, केस गेले, आणि उठले तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात मी काचेची झाले होते. पाण्याची बादली उचलायला गेले की सासूबाई म्हणायच्या, "ठेव वं खाली, चक्कर येईन." त्यांची माया मला कळत होती, पण पुढचा हिवाळा आला तरी घरच्यांच्या लेखी मी आजारीच. मी पुन्हा धडधाकट झाले आहे हे त्यांना पटण्याआधी मला पटायला हवं होतं, कारण खरं सांगायचं तर मलाही शंका येऊ लागली होती.

त्यातच तिहेरी शर्यतीची बातमी आली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ट्रायथलॉन हा शब्द तेव्हा नागपुरात कोणाच्या तोंडी नव्हता. रामटेकजवळचा खिंडसी तलाव पोहून पार करायचा, पलीकडच्या काठावरून सायकलने कन्हान, कामठी करत नागपूर गाठायचं आणि शेवटी शहरात धावायचं. मी नाव दिलं. घरात गहजब झाला, पण ह्यांनी गुपचूप माझ्या सायकलला नवे टायर घातले आणि विषय संपला. पोहण्याची मला धास्ती नव्हती. काटोलकडे माहेरच्या बागेत मोठी विहीर आहे. बाबांनी मला तिथेच शिकवलं आणि शर्यतीचा सरावही मी तिथेच केला. विहिरीत पोहायचं म्हणजे गोल. बाबांची शिस्त अशी की देवळातल्यासारखी प्रदक्षिणाच घालायची, उजवीकडे वळत. त्यांची एकच गोष्ट मी कधी शिकले नाही. "आंग सोड वं पोरी, पानी तुले खात नाही," म्हणत ते मला उताणं तरंगायला सांगायचे. हातपाय न हलवता पडून राहणं माझ्याच्याने व्हायचं नाही. मला तो आळशीपणा वाटायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गडावर दर्शनाला गेले. रामाला म्हटलं, उद्या बघायला ये, पण हात धरू नको, नाहीतर घरचे म्हणतील देवानेच तारली. देवाशी मी अशीच बोलते.

सकाळी पाण्यात उतरलो तेव्हा पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. पाणी गारठलेलं, पण थोडं अंतर कापल्यावर अंग तापलं आणि मी अगदी मजेत निघाले. वाट दाखवायला पाण्यावर तेलाचे रिकामे डबे तरंगत ठेवले होते, प्रत्येकावर वेगळ्या रंगाचं फडकं. लाल फडकं मागे टाकलं आणि पाहता पाहता धुकं उतरलं. काठ दिसेना, पुढचे पोहणारे दिसेनात, सोबतीची नाव कुठे गेली कळेना. मी घाबरले नाही. नाकासमोर पोहत राहायचं, काठ जातो कुठे, म्हणून आणखी जोर लावला. बराच वेळ गेला. मग धुक्यातून एक डबा समोर आला. त्याच्यावर तेच लाल फडकं होतं.

मी फिरून तिथेच आले होते. विहिरीत वळण लागलेलं अंग खिंडसीतही इमानेइतबारे प्रदक्षिणा घालत होतं. आधी हसू आलं, आणि त्या हसण्यातच पोटरीत गोळा आला. डबा धरायला गेले तर पाय साथ देईना; तेवढ्यात तोही धुक्यात गेला. हाका मारल्या, ओ आली नाही. हात भरून आले होते, नाकातोंडात पाणी गेलं, आणि आपण इथेच राहणार हे मला लख्ख दिसलं. भीती वाटली, खूप वाटली. म्हटलं, रामा, माझं संपलं, आता तू बघ. बाबांचं सांगणं आठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अंग सोडून दिलं. पाण्याने मला खरंच वर धरलं. पोटरी हळूहळू सैल झाली.

मी थांबले तसा माझ्याच हातापायांचा खळबळाट थांबला, आणि त्या शांततेत आवाज आला. ठण, ठण, ठण. भास वाटला म्हणून मान उचलली, तरी येतच होता. कोणीतरी थाळी वाजवत होतं. मी त्या दिशेने निघाले. थोडं पोहायचं, थांबायचं, ऐकायचं, उजवीकडे सरकले असेन तर वळायचं. शेवटी पायाला चिखल लागला.

काठावर एक म्हातारी उकिडवी बसून पळीने काशाची थाळी बडवत होती. मला पाहून तिने पळी खाली ठेवली. मासेमाराच्या घरची बाई. धुकं पडलं की नवऱ्याला काठ सापडावा म्हणून थाळी वाजवायची त्यांची रीत. मी विचारलं, "मालक अजून पाण्यात आहेत का?"

"थे तं कवाचे आले. डोंगा पालथा घालून घरी जेवून राह्यले."

"मग थाळी काहून वाजवत होता, आजी?"

तिने जरा विचार केला. "मले काय मालूम बाई. वाटलं, अजून कोनी असन पान्यात." आपलं लुगडं सावरत तिने माझे हात चोळून दिले, आणि शर्यतीची माणसं कुठल्या अंगाला आहेत ते दाखवलं.

काठाकाठाने चालत सायकलीपाशी पोचले तेव्हा हे पांढरेफटक पडून उभे होते. मी सायकल घेतली आणि पायडल मारलं. नागपूरला सर्वांत शेवटी पोचले, पण धावत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पूजेला बसता बसता म्हणाल्या, "बादलीभर पानी आन वं." मी भरून आणली, आणि न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

त्या म्हातारीत राम होता का, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी त्याला हात धरू नको म्हटलं होतं, त्याने धरला नाही; फक्त थाळी ऐकू येईल इतकं मला गप्प केलं. तेवढ्यासाठी मी त्याची जन्माची ऋणी आहे. आता आमच्या घरी आरती मी करते. आरती संपते, सगळे प्रसादाला हात पुढे करतात, तरी माझी घंटा चालूच असते. घरचे चिडवतात, झालं ना आता, कोणासाठी वाजवून राहिली? मी म्हणते, असेल अजून कोणी पाण्यात.