आप्पांचं विंटर स्पेशल

"आप्पांचा चष्मा इथं राहिलाय काय?"

काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाने विचारलं. वय पस्तीसच्या आसपास, बोटांना ग्रीसचे डाग. मी ड्रॉवर उघडून चष्मा दिला. आप्पा तीन दिवस आमच्याकडे फिरकले नव्हते.

"तुम्ही त्यांचे...?"

"धाकटा. महेश."

"बरे आहेत ना ते?"

"आता बरं हाय. दोन दिवस ॲडमिट होते. उलट्या, जुलाब. सलाईन लावायला लागलं." मग परक्या माणसाला सांगणं सोपं जातं, तसं त्याने सांगून टाकलं. "घरातच झालं ते. वहिनीनं त्यांच्या तव्यावर चपाती भाजली असणार. आप्पांनी लई बोलून टाकलं तिला. ती गेली हातकणंगल्याला, माहेरी."

"कुठल्या दिवशी झालं हे?"

"गुरुवारी. संध्याकाळपासनं सुरू झालं."

तो चष्मा खिशात घालून गेला. गुरुवारी दुपारी चार वाजता आप्पांनी आमच्याकडे एक मोठा ग्लास संपवला होता. आमचं नवीन विंटर स्पेशल. मी स्वतः करून दिलं होतं.

ही गोष्ट २००६-०७ च्या सुमाराची. कोल्हापुरात तेव्हा कॉफी शॉप ही नवी चीज होती. एका चेनचं दुकान राजारामपुरीत निघालं आणि मी तिथे स्टोअर मॅनेजर झाले. स्टोअर मॅनेजर म्हणजे दुकानाची किल्ली जिच्याकडे आणि शिव्याही जिच्या वाट्याला, ती. मी मूळची मलकापूरची. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलेला, वय अठ्ठावीस, भाड्याच्या खोलीत एकटी. माझी सुट्टी मंगळवारी असायची. मंगळवारी ओळखीचं कुणीच मोकळं नसतं. सुट्टीच्या दिवशी मी कपडे धुवायचे, झोपायचे आणि दिवसभरात भाजीवाल्याशी तेवढं बोलायचे.

या धंद्यात दर तीन महिन्यांनी मेनू कार्ड बदलतं. उन्हाळ्यात आंबा, पावसाळ्यात आलं-गूळ, थंडीत चॉकलेट वगैरे. याला सीझनल ड्रिंक म्हणतात. दुकानात आम्ही नवीन काही शोधत नाही. पावडरी आणि सॉस हेड ऑफिसकडून येतात, सोबत रेसिपी कार्ड येतं. किती मिली दूध, किती पंप सॉस, वर काय भुरभुरायचं. कार्डाप्रमाणे करायचं, बस.

आमची गिऱ्हाइकं कॉलेजची. त्यांच्यात आप्पा एकदम वेगळे दिसायचे. शिवाप्पा शेटे, वय साठीच्या जवळ, कपाळावर विभूती, पांढरा शर्ट. मोटर-पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं, ते दोन्ही मुलांवर सोपवलेलं. पहिल्या दिवशी काउंटरवर येऊन त्यांनी विचारलं,

"मॅडम, ह्यात गहू हाय का?"

"कॉफीत गहू कसा असेल?"

"हिंगात असतोय. मग कॉफीत का नसंल?"

मला वाटलं चेष्टा करतायत. खोलीवर गेल्यावर हिंगाची डबी वाचली. गव्हाचं पीठ खरंच होतं त्यात.

आप्पांना सीलिॲक होता. हा आजार असलेल्या माणसाला गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन चालत नाही. ते चिमूटभर पोटात गेलं तरी आतडं बिघडतं. औषध नाही. ते खायचं नाही, हाच इलाज. तीन वर्षं वजन उतरत होतं, शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी शोधून काढलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी आप्पा खिशात ठेवायचे. तिच्यावर चारच शब्द होते: गहू, रवा, मैदा, सातू. त्यांनी ती मला दाखवली होती.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच्या माणसाला काय अडचण? ज्वारीची भाकरी आहे, भात आहे. मीही तसंच म्हटलं होतं.

"पोटाची अडचण न्हाय," आप्पा म्हणाले. "माणसांची हाय. वीस वर्षं एका गाड्यावर चार जण चहा प्यायचो. सगळे खारी बुडवून खायचे. मी नको म्हणाय लागलो. आधी चेष्टा केली, एका खारीनं मरतोयस काय म्हणून. मग खरं काय ते कळलं, तर माझ्यासमोर खायाची त्यांना लाज वाटाय लागली. खारी मागवायची बंद झाली. मग मीच जायचं बंद केलं. उगंच कशाला त्यांच्या तोंडचं घालवायचं?"

घरात नऊ माणसं. आप्पांचा तवा वेगळा, परात वेगळी, ताट वेगळं. थोरली सून शैला आधी त्यांची भाकरी भाजायची, मग घरादाराच्या चपात्यांना हात लावायची. आप्पा आधी जेवून घ्यायचे, म्हणजे एकटे. लग्नात अक्षता टाकून परत यायचे. हळूहळू लोक फक्त पत्रिका द्यायला लागले, जेवायला थांबा म्हणेनात.

आमच्याकडे मात्र ते चार वाजता यायचे, खिडकीजवळ बसायचे आणि कार्ड बदललं की पहिला ग्लास त्यांचा असायचा. "नवीन काय आलंय?" हा त्यांचा प्रश्न. एकदा म्हणाले, "घरी रोज तेच. बाहेर काय नवीन दिसलं की भ्या वाटतंय. इथं तीन महिन्यांनी का हुईना, तोंडाला नवी चव कळती." आंब्याच्या ग्लासातला बर्फ ते चमच्याने खरवडून खायचे. मला ते बघायला आवडायचं. दिवसभरात माझ्याशी ऑर्डर सोडून दुसरं काही बोलणारे ते एकटेच होते, हेही खरं.

डिसेंबरात विंटर स्पेशल आलं. दूध, कॉफी, दाट तपकिरी सॉस आणि वर बिस्किटांचा चुरा. गुरुवारी आप्पांनी विचारलं, "ही बिस्किटं?"

"ती घालत नाही तुमच्यात."

"आणि हा सॉस?"

"चॉकलेटचा आहे. चालेल."

मी डबा वाचला नव्हता. सॉस मोठ्या डब्यातून येतो आणि आम्ही तो प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून काउंटरवर ठेवतो. बाटलीवर लेबल नसतं. रंग चॉकलेटचा, वास चॉकलेटचा. मी चालेल म्हटलं आणि आप्पांनी विश्वास ठेवला.

महेश गेल्यावर मी स्टोअर रूममध्ये जाऊन डबा उलटा केला. बारीक अक्षरांत साखर, कोको आणि तिसऱ्या नंबरला 'मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट'. मॉल्ट म्हणजे काय ते मला नक्की माहीत नव्हतं. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलीला माहीत असायला हवं होतं. माल पुरवणाऱ्या माणसाला फोन केला.

"मॅडम, मॉल्ट म्हणजे बार्ली. भिजवून मोड आणतात, वाळवतात, भाजतात. मग अर्क काढतात."

"बार्ली म्हणजे मराठीत?"

"आमच्यात सातू म्हणतात."

चिठ्ठीवरचा चौथा शब्द. त्यातही ग्लूटेनच असतं.

फोन ठेवून मी ब्लेंडरकडे बघितलं. आप्पांचं ड्रिंक ज्या जारमध्ये केलं, बिस्किटंही आम्ही त्याच जारमध्ये फिरवत होतो. पाण्याने खंगाळलं की जार पुढच्या ड्रिंकला तयार. म्हणजे सॉस सोडला तरी माझ्या हातून दुसरी चूक झालीच होती.

एरिया मॅनेजर पुण्याला बसायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना फोन केला.

"कस्टमरने कंप्लेंट केलीय?"

"नाही सर. त्यांना माहीतच नाही."

"मग इश्यू काय आहे?"

"घरच्यांना वाटतंय सुनेमुळे झालं. ती घर सोडून गेलीय."

"ते त्यांचं फॅमिली मॅटर आहे, सुजाता. तू मध्ये पडू नकोस. आणि लेखी काही देऊ नकोस. उद्या मेडिकल क्लेम आला तर तू आणि मी दोघंही घरी बसू."

"सॉसमुळे झालंय सर."

"तुला कसं माहीत? तू डॉक्टर आहेस? बाटल्यांवर लेबल लाव, जार दुसरा घे. विषय संपला."

विषय संपला असता तर मला बरंच वाटलं असतं. नोकरी हवी होती. खोलीचं भाडं होतं, मलकापूरला आई होती. दोन दिवस मी काहीच केलं नाही. बाटल्यांवर लेबलं लावली, दुसरा जार मागवला. पण कुणाला कॉफी करून देताना मध्येच शैला नावाची, मी कधी न पाहिलेली बाई डोळ्यांसमोर यायची. रोज वेगळ्या तव्यावर भाकरी भाजणारी. हे सांगायला, विचारायला जवळ कुणी नव्हतं. आईला फोनवर सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नोकरी सांभाळ. म्हणून सांगितलं नाही.

मंगळवारी आप्पांच्या घरी गेले.

आप्पा बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले होते. गाल आत गेलेले. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि तेच मला अवघड गेलं. त्यांच्या बायकोने, आव्वांनी, पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच सांगितलं. सॉस, मॉल्ट, सातू, जार. सगळं एका दमात.

आप्पांनी फक्त विचारलं, "सातू?"

"हो."

"कुणी सांगाय लावलं तुला?"

"कुणी नाही. सांगू नको म्हणाले होते."

"मग का आलीस?"

"वहिनींचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

माझ्याकडे न बघता आप्पा म्हणाले, "सगळ्या घरासमोर तिला म्हणलो मी. मला माराय बघतीस म्हणलो."

आतून आव्वा कानडीत काहीतरी बोलल्या. मला कानडी येत नाही, पण अर्थ कळला. त्या हेच पाच दिवस सांगत असणार.

आप्पांनी पलंगाखालच्या चपला पायाने ओढल्या. महेशला हाक मारली. "गाडी काढ. हातकणंगल्याला जायाचं हाय." मग मला म्हणाले, "तू बी चल. माझं एकट्याचं ऐकायची न्हाय ती. आणि तिनं का ऐकावं?"

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती आणि आप्पा पुढच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते.

शैला माझ्याच वयाची निघाली. दारात उभी राहून तिने सगळं ऐकून घेतलं. आत या म्हणाली नाही. तिच्या वडिलांनीच खुर्च्या टाकल्या. माझं सांगून झाल्यावर ती मला म्हणाली, "बरं झालं सांगिटलंसा." मग आप्पांकडे वळली.

"आप्पा, तुमी मला एकदा नुसतं इचारायचं हुतं. तवा बदलला काय म्हणून. मी न्हाय म्हणले असते, ते खरं वाटलं असतं का तुमाला?"

आप्पांनी हात जोडले. सासऱ्याने हात जोडलेले बघून तिच्या वडिलांची धांदल उडाली. शैलाने मान दुसरीकडे वळवली. त्या दिवशी ती आली नाही.

परत आल्यावर मी इन्सिडेंट रिपोर्ट लिहून पुण्याला पाठवला. इन्सिडेंट रिपोर्ट म्हणजे दुकानात काय चुकलं याचा लेखी कबुलीजबाब. नोकरी गेली नाही. मेमो मिळाला, त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. हेड ऑफिसने एक सर्क्युलर काढलं, की ॲलर्जीबद्दल विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कसलीही खात्री देऊ नये. क्लेम कुणी केला नाही.

आप्पा जानेवारीत पुन्हा यायला लागले. खिडकीजवळच बसायचे. काळी कॉफी घ्यायचे. नवीन काय आलंय, हे विचारायचे नाहीत. मीही सुचवायचे नाही. ते यायचे, बसायचे, आणि आमच्या दोघांत पूर्वीचं मोकळं बोलणं राहिलं नव्हतं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

एप्रिलमध्ये आंब्याचं कार्ड आलं. मी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"ह्यात आंबा, साखर आणि एक ॲसिड आहे. दूध पिशवीतलं. जार नवा आहे, ह्यात बिस्किटं कधी फिरवली नाहीत. एवढं मी बघितलंय. याच्यापलीकडचं मला माहीत नाही."

त्यांनी डबा हातात घेतला आणि लेबल ओळ न ओळ वाचलं. मशीनवर रांग लागली होती, मी हलले नाही.

"आण," ते म्हणाले.

ग्लास ठेवताना मी विचारलं, "वहिनी आल्या?"

"कवाच आली. पंधरा दिवसांत. बोलती, सगळं करती." त्यांनी स्ट्रॉ बाजूला ठेवून चमचा उचलला. "पर माझी भाकरी आता मीच भाजतो. तिला म्हटलं, ही जोखीम तुझ्या गळ्यात नको. काय झालं तर माझं मला बोलता येईल."

"जमते भाकरी?"

"मोडती. पोटात जाऊन मोडायचीच हाय की."

ऑगस्टमध्ये माझी बदली झाली. आप्पा अजून तिथे जातात का, ते दुकान तरी आहे का, मला ठाऊक नाही. मी याच धंद्यात राहिले आणि आता नव्या मुला-मुलींना ट्रेनिंग देते. दूध किती तापवायचं ते कुणीही शिकतं. मी त्यांना 'माहीत नाही' म्हणायला शिकवते, आणि ते सगळ्यात अवघड जातं. गिऱ्हाईक ग्लास न घेता निघून जाईल म्हणून सगळे घाबरतात. मी म्हणते, जाऊ दे. आपल्याकडे दिवसाला शंभर येतात.