दीडशेच्या बोर्डाखालचा बॉल

गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, म्हणजे ड्रायव्हिंग रेंजवर, बॉल रोज संध्याकाळी गोळा करावे लागतात, किस्से मात्र आपोआप जमतात! स्कॉटलंडहून क्रीडाशास्त्र शिकून मी ठाण्याला परत आलो तो एकच ध्यास घेऊन : गोल्फ ही साहेबलोकांची जहागीर राहता कामा नये, दिवा आणि मोहने इथल्या चाळींतल्या पोरांनीही खेळलं पाहिजे. बाळकुमच्या एका छोट्या रेंजवर नोकरी धरली. पोरं हळूहळू येतायत. किस्से भराभर येतात.

* * *

आमचे कोच भोईर सर. पूर्वीचे व्यावसायिक खेळाडू. ते शिकवतात आमच्याकडे पाठ करून. हातात कटिंग चहा, तोंड भिंतीकडे, आणि मागून फटका वाजला की, "डावा खांदा वर आला!" मी लॅपटॉपवर व्हिडिओ बघतो, तर खांदा खरंच वर आलेला!

एकदा दुपारी डोंबिवलीच्या कुलकर्णीबाई एकट्याच बॉल मारत होत्या. सर भिंतीकडे बघत ओरडले, "दोघांनी एकदम मारू नका. आवाज कळत नाही."

"सर, बाई एकट्याच आहेत!"

सरांनी घोट घेतला. "असं? मग दुसऱ्याचा स्विंग चांगला आहे."

बाईंनी त्या दिवशी बॉलची अर्धी बादली तशीच ठेवली आणि रिक्षा पकडली.

* * *

सर इथलेच. आज रेंज आहे तिथे त्यांचे वडील मिठागरात काम करायचे. लहानपणी सर बांबूने मिठाचे खडे मारायचे. पुढे खेळाडूंच्या बॅगा वाहणारे कॅडी झाले, मग प्रो झाले, देशभर खेळले. आणि एका स्पर्धेत शेवटच्या होलला, दोन फुटांवरून बॉल आत ढकलायचा होता तेव्हा, हात पुढे जाईना.

"घाबरलात?" मी विचारलं.

"नाय रे. कुणीतरी मनगट धरलेलं."

डॉक्टर म्हणाले, नसांचा प्रॉब्लेम. आई म्हणाली, "बापूस रोज एक मूठ ठेवायचा. तू काय ठेवलंस?"

वडील रोज काम संपल्यावर शेवटच्या खाचराच्या कोपऱ्यात जागेच्या राखणदारासाठी मूठभर मीठ ठेवून यायचे. तो कोपरा म्हणजे आता आमचा दीडशे यार्डांचं अंतर दाखवणारा बोर्ड. सर रोज संध्याकाळी त्याखाली एक बॉल ठेवतात. सकाळी तो नसतो.

* * *

मी अर्थातच कॅमेरा लावला. रेकॉर्डिंगमध्ये बॉल आहे, बॉल आहे, बॉल आहे. मग नाही. मध्ये कुणीच नाही. कुत्रंसुद्धा नाही!

बॉल गोळा करायची गाडी चालवतात कल्याणच्या कांबळेताई. त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही तरी हे मानत नाही ना?"

"मी? आमच्या घरात देवाचा फोटोसुद्धा नाही. भूतबीत सगळं थोतांड!"

"मग तो एक बॉल तुम्ही का सोडता?"

"मानत नाही म्हणून काय झालं? उचलत नाही!"

* * *

सरांनी यंदा पन्नाशी गाठली. ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेची पात्रता फेरी जाहीर झाली. मीच हट्टाने त्यांचा फॉर्म भरला. सही करताना सर म्हणाले, "एकदाच. हात चालतो का, तेवढं बघायचंय."

फेरीच्या आदल्या दिवशी ताई रजेवर होत्या. सर बॉल ठेवून, बॅग घेऊन घरी गेले. बॉल गोळा करायची गाडी मी चालवली. पुढच्या आठवड्यात दिव्याची नवीन बॅच येणार होती, पोरांच्या शेवटच्या बादलीत एक बॉल कमी पडत होता. बोर्डाखाली तो एक दिसला. पोरांच्या तोंडचा बॉल राखणदाराला? माझ्या रेंजवर हे चालणार नाही!

उचलला.

* * *

पात्रता फेरीत मीच कॅडी. सर झकास खेळले. शेवटच्या होलला पाच फटके लागले तरी ते पात्र ठरत होते. पहिला फटका सरळ, मैदानाच्या मधोमध पडला. भर दुपार, कापलेलं गवत. आम्ही सगळ्यांनी तो थांबताना पाहिला.

चालत गेलो, तर बॉल नाही!

नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात. मी गुडघ्यांवर रांगत होतो, सोबतचे खेळाडू शोधत होते, पंच घड्याळ बघत होते. एकटे सर शोधत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"काल एक राहिला होता ना रे, बोर्डाखाली?"

मी मान खाली घालून गवत चाचपत राहिलो.

बॉल हरवला की मागे जाऊन पुन्हा मारायचं, वर एक फटका दंड. शेवटी होलपासून दोन फूट उरले. सर वाकले. हात सरळ पुढे गेला आणि बॉल आत! सहा झाले होते. एका फटक्याने हुकलं.

परतताना गाडीत सर मनगट चोळत हसले. "या वेळी त्याने हात सोडला. बॉल घेतला."

* * *

सोमवारी सकाळी कांबळेताईंनी मला हाक मारली. दीडशेच्या बोर्डाखाली एक बॉल होता. आमच्या रेंजचा नाही, नवाकोरा. त्यावर पेनाने काढलेले तीन निळे ठिपके. सर स्पर्धेच्या बॉलवर काढतात ते. बॉलभर पांढरी भुकटी.

ताईंनी त्याला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"मीठ."

रेंजवर आमच्याशिवाय कुणी आलं नव्हतं, एकही फटका कुणी मारला नव्हता. लांब शेडमध्ये सर भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. अचानक त्यांनी मान वर केली आणि खूश होऊन ओरडले,

"व्वा! आता कसा वाजला!"