प्रियदर्शिनीचे बावीस तास

आमची सून प्रियदर्शिनी आता शाळेत समुपदेशक आहे. वुडलँड्सला आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर बसणाऱ्या चिनी म्हाताऱ्यालाही मी हे खुणा करकरून सांगितलं. तो हसला. काय समजला, त्यालाच ठाऊक.

मी सातवी पास, यवतमाळकडचा. आमच्या शाळेत एक पोरगं वर्षभर तोंड उघडत नव्हतं. गुरुजींनी त्याला मारलं नाही की समजावलं नाही. शाळेची घंटा वाजवायचं काम दिलं. सहामाहीपर्यंत ते असं बोलायला लागलं की अजून थांबलेलं नाही. ते पोरगं म्हणजे मीच.

त्यामुळे पोरांशी बोलायला पदवी लागते हेच मला नवीन होतं. हिनं पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग माझ्या मुलाच्या, नरेशच्या, नोकरीपायी इथं परदेशी आल्यावर समुपदेशनाची आणखी एक मास्टर्स पदवी घेतली. मला वाटलं, झालं, उद्यापासून शाळा. पण तसं नसतं म्हणे. पदवीनंतर एका सेवा केंद्रात शेकडो तास मुलांसमोर बसायचं, प्रत्येक तास वहीत लिहायचा आणि त्यावर देखरेखीच्या बाईंची, मॅडम गोहची, सही घ्यायची. सह्या पुऱ्या झाल्या की नोंदणी, आणि नोंदणी झाली तरच शाळेतली जागा. एक शाळा जूनअखेरपर्यंत तिच्यासाठी थांबली होती. मे महिना लागला तेव्हा बावीस तास उरले होते.

तेव्हा तिच्याकडे एक लेकरू यायचं. मुलगा की मुलगी, कितवीत, बाप काय करतो, हे मी लिहिणार नाही. आपल्या मराठी माणसांतलं होतं, एवढं सांगितल्याशिवाय मात्र पुढचं कळायचं नाही.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होतो. प्रियदर्शिनी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे 'मले घरात कोनी मोजत नाई' असं कोण म्हणतं?"

नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. मी म्हणालो, म्हातारं माणूस म्हणतं. ताट उशिरा आलं, आल्यागेल्याला कुणी ओळख करून दिली नाही, की म्हणतं. लेकरू म्हणत असेल तर ते त्यानं घरातल्या म्हातारीकडून उचललंय. म्हातारीला आधी विचारा. तिनं उरलेली मेथी माझ्यासोबत निवडली. दोन आठवड्यांनी स्वयंपाक करता करता एवढंच म्हणाली की बाबा, तुमचा फार उपयोग झाला. मला काय, आभाळ ठेंगणं झालं.

बुद्धपौर्णिमेला मरीन परेडला आमच्या ओळखीतल्या उज्ज्वलच्या कॉन्डोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, हॉलमध्ये तीसेक मराठी घरं जमली. वंदना झाली, खीर आली. खिरीबरोबर माझी एक गोष्ट, हा तिथला रिवाजच पडला होता. तर मी सुरू केलं. दोन-दोन मास्टर्स झालेली सून सातवी पास सासऱ्यापुढे कशी येऊन बसली, तिच्याकडच्या लेकराचं ते वाक्य, अगदी त्याच हेलात, आणि त्यावर माझं निदान. लोक पोट धरून हसले. नाव मलाच माहीत नव्हतं, तर सांगणार काय?

पण तीस घरांत यवतमाळकडची आजी येऊन राहिलेलं घर एकच होतं. हे माझ्या डोक्यात आलं नाही. खीर वाढणाऱ्या बाईनं पळी पातेल्यात ठेवली, ओढणीला हात पुसले आणि आपल्या माणसांना नुसतं "चला" म्हणाली. लेकरू कोणाचं, हे हॉलमध्ये कोणाला सांगायची गरज उरली नाही.

परतताना आम्ही एमआरटीच्या गाडीत बसलो. चौदा वर्षांची नात एकता म्हणाली, "आजोबा, यू कान्ट एनीहाऊ टॉक, लाह." तोंडाला येईल ते बोलू नये, असं इथल्या इंग्रजीत. मी हसलो. माझ्याबरोबर कोणी हसलं नाही.

लेकरू पुढच्या आठवड्यात आलं नाही. मग आईचा निरोप आला की यापुढे येणार नाही. तक्रार मात्र कोणी केली नाही. नरेश म्हणाला, तक्रार नाही तर गप्प राहा, बावीसातले उरलेत तेवढ्या तासांचाच तर प्रश्न आहे, इतर मुलांबरोबर होऊन जातील. मीही म्हणालो की जीभ माझी घसरली, त्यात तुझा काय दोष.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बोललात. पण तुमच्या हातात ते दिलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मॅडम गोहला सगळं सांगून आली. सही थांबली. वर्षभर एकाही मुलासमोर बसायचं नाही, त्या लेकराबरोबरचे सगळे तास बाद, उरलेलं त्यानंतर. जूनमधली जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मी त्या घरी माफी मागायला निघालो तर तिनं चपला घालू दिल्या नाहीत. म्हणाली, तिथे जाऊन तुम्ही तीच गोष्ट परत सांगाल. खरंच होतं. मला दुसरं येतं काय?

पुढे कानावर आलं की लेकराची इथली शाळा सुटली, त्याला आजीबरोबर गावी पाठवलं. तिथं ते बोलतं की नाही, कोणाला माहीत नाही. प्रियदर्शिनीलाही नाही, विचारायचा हक्क तिचा राहिला नव्हता. एकदा वुडलँड्सच्या प्लॅटफॉर्मवर मला आणि सुनेला त्या लेकराची आई दिसली. गाडी आली तशी ती पलीकडच्या डब्याकडे गेली. मी खाली बघितलं. सुनेनं मान वळवली नाही, दार बंद होईपर्यंत बघत राहिली. बुद्धपौर्णिमेला आम्ही अजून जातो. गोष्ट कोणी मागत नाही.

नोंदणीचा कागद अडीच वर्षांनी आला. नरेशनं फ्रेम आणली, तिनं कागद कपाटात ठेवला. मी विचारलं, हे तरी लिहू का? ती म्हणाली, "माझं लिहा. त्या लेकराचं जेवढं सगळ्यांना आधीच कळलंय, त्याच्यापुढे एक अक्षर नको."

जानेवारीत ती शाळेत रुजू झाली. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. कसा गेला दिवस, मुलं कशी आहेत, विचारून टाकलं. तिनं पर्स खुंटीला लावली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, भेंडी चिरून देता?"

मी भेंडी चिरायला बसलो.