फेकायचा राहिलेला टॉवेल

सोलापुरात राहून टॉवेलचा मान नाकारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्याकडे लग्न असो, वास्तुशांत असो, कुणी निवडून येवो नाहीतर निवृत्त होवो, टॉवेल, टोपी आणि नारळ दिल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत. दस्तगीर उस्ताद टोपी घालून घ्यायचा, नारळ पिशवीत टाकायचा आणि यजमानाने खांद्यावर टॉवेल टाकायला हात उचलला की एक पाऊल असा काही बाजूला सरकायचा, की टॉवेल हवेतच राहायचा. "टोपी द्या, नारळ द्या. टॉवेल नको." माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नातही त्याने हेच केलं. माझा टॉवेलचा कारखाना, मांडवातले पाहुणे माझे, आणि हा गृहस्थ माझ्याच मागावरचा टॉवेल चुकवतोय! पुढे बरेच दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही.

त्याला त्याचं काही नव्हतं. कारखान्यामागच्या आमच्या रिकाम्या शेडमध्ये तो बॉक्सिंग शिकवायचा. जुने माग भंगारात गेल्यावर तिथे घुशींचं राज्य होतं. उस्तादने घुशी हाकलल्या, जमिनीवर गाद्या अंथरून वर ताडपत्री ताणली, चार खांबांना दोर बांधले आणि त्याला रिंग म्हणायला सुरुवात केली. मला स्वतःला मारामारी बघवत नाही. रक्त दिसलं की मी भिंतीला धरून खाली बसतो. पण दुपारचा चहा त्याच्याबरोबर घ्यायची सवय लागली ती लागलीच.

एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "अण्णा, मला टॉवेल विणून द्या की."

मला वाटलं, आला ताळ्यावर. मी उत्साहाने नवे नमुने काढले. मोराचा, कमळाचा, जाड काठाचा. त्याने हातसुद्धा लावला नाही. "पांढरा पायजे. काठ नको, नक्षी नको. फेकताना जीव हळहळू नये, असा."

बॉक्सिंगमध्ये प्रत्येक खेळाडूच्या कोपऱ्यात त्याचा एक माणूस उभा असतो. आपला खेळाडू फार मार खातोय असं दिसलं, की त्या माणसाने टॉवेल रिंगमध्ये फेकायचा. खेळ तिथेच थांबतो, आपण हरलो असं धरतात आणि खेळाडू घरी येतो. हे मला उस्तादनेच सांगितलं. मी त्याला कारखान्याच्या इतिहासातले सर्वांत दरिद्री दिसणारे टॉवेल विणून दिले. तो खूष झाला.

त्याची शिकवण्याची तऱ्हा उलटीच होती. पोरं यायची ठोसा शिकायला. हा त्यांना पहिले कित्येक दिवस गुडघा टेकून खाली बसायला लावायचा. "एक गुडघा टेकला की समोरच्याला मारता येत न्हाई. नियमच हाय. मारायचं कुणीबी शिकवंल. बसायचं मी शिकिवतो." स्पर्धेत त्याचा पांढरा टॉवेल इतका लवकर उडायचा, की गावाने त्याचं नाव टॉवेल उस्ताद ठेवलं. मोडनिंबचा एक बाप तर मोटारसायकल काढून थेट शेडवर भांडायला आला. "माझं पोरगं उबं होतं की! कशाला फेकला?"

उस्ताद शांतपणे म्हणाला, "उबं होतं म्हणूनच फेकला. पडल्यावर काय पांघरूण घालायला फेकायचा व्हय?"

त्या बापाने मुलाला काढून नेलं. अशी बरीच गेली. राहिली ती थोडी, त्यांत कुंभारीची रेणुका सगळ्यांत चिवट. घरी शेळ्या-मेंढ्या, आणि ही सायकल मारत पहाटे शेडवर हजर. उस्तादचा जीव होता तिच्यावर.

टॉवेलमागची खरी गोष्ट मला उस्तादने कधी सांगितली नाही. ती सांगितली त्याच्या थोरल्या भावाने. मेहबूबभाई आमच्याकडे टेम्पोवर आहे, मालाच्या गाठी तोच पोचवतो. अबोल माणूस. एकदा वेळापूरहून परत येताना टेम्पो बंद पडला, मेकॅनिकची वाट बघत आम्ही बाभळीखाली बसलो, आणि तिथे तो बोलला.

दस्तगीर तरुणपणी पैशाच्या लढती खेळायचा. फिलिपिन्समध्ये एक कोवळा पोरगा तेव्हा भराभर वर चढत होता. अशा चढत्या पोराला जिंकायला माणसं लागतात, आणि अशी माणसं पुरवणारा एक दलाल मुंबईत होता. त्याने दस्तगीरला मनिलाला नेलं. आपल्याला हरण्यासाठी नेतायत, हे या दोघा भावांना कुणी सांगितलं नाही. सगळ्या गल्लीला वाटलं, आपला दस्तगीर परदेश जिंकायला निघाला. चौकात सत्कार झाला. माझ्या वडिलांनी नक्षीच्या जेकार्ड मागावर खास टॉवेल विणला, लाल काठाचा, मधोमध ठसठशीत अक्षरांत दस्तगीरचं नाव. मला तो दिवस आठवतो. वडिलांनी तो टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला तेव्हा बँडवाल्यांनी इतकं वाजवलं, की शेजारच्या बाळंतिणीने खिडकीतून शिव्या घातल्या.

मनिलाला कोपऱ्यात मेहबूबभाई उभा होता, हातात तोच टॉवेल घेऊन. सुरुवातीच्या राउंडमध्ये दस्तगीर बरा खेळला. मग पोराचा डावा हात कुठून येतोय, ते त्याला कळेनासं झालं. "पडतच नव्हता ना अण्णा," मेहबूबभाई म्हणाला. "पडला असता तर सुटला असता. रेफरी माझ्याकडं बघायचा. तितला एक म्हातारा पाणीवाला मला कोपरानं ढोसून टॉवेलकडं बोट दाखवायचा. मला कळत होतं. पर टॉवेल मानाचा. त्याच्यावर माझ्या भावाचं नाव. ते नाव मी लोकांच्या पायात कसं टाकू?"

त्याने नाही टाकला. शेवटची घंटा होईपर्यंत दस्तगीर उभ्यानेच मार खात राहिला. परत आल्यावर गल्लीने पुन्हा सत्कार केला, कारण पडला नाही! तेव्हापासून दस्तगीरने टॉवेल खांद्यावर घेतला नाही आणि भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. मेहबूबभाईने टेम्पोची सीट उचलून दाखवली. खाली प्लास्टिकच्या पिशवीत तो लाल काठाचा टॉवेल घडी करून ठेवलेला होता. मला तो हातात घ्यायचा धीर झाला नाही. शेवटी तो विणला होता माझ्याच बापाने, आणि किती हौसेने!

तो फिलिपिनो पोरगा पुढे जगज्जेता झाला. त्याचं नाव लांबलचक, उस्तादच्या तोंडी ते कधी आलंच नाही. तो त्याला नुसतं 'पोरगा' म्हणायचा. पोरगा एका वजनगटात जिंकला, मग वरच्या गटात, मग त्याच्याही वरच्या. उस्ताद प्रत्येक लढत मिळेल तिथे जाऊन बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी चहाला मला रिंगणातली सगळी पावलं हाताने टेबलावर काढून दाखवायचा. "ऊसतोड्याचं पोर हाय अण्णा. आपल्या माळशिरसकडचंच म्हणा की. त्याच्या हाताकडं बघू नका, पायाकडं बघा. हात खोटं बोलतोय, पाय न्हाई." ज्याने आपल्याला इतकं मारलं त्याचं इतकं कौतुक कसलं, असं मी एकदा विचारलं. तो हसला. "त्यो मोठा झाला म्हणून माजं हरणं बी मोठं झालं की."

मला ते हसू आवडलं नाही.

मग उस्तादचं बिघडायला लागलं. आधी बशी थरथरायला लागली. मग पोरांची नावं गळायला लागली. घरून जेवून आलेला माणूस शेडमध्ये येऊन पुन्हा डबा शोधायचा. एका दुपारी तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला आणि मला माझे वडील समजून म्हणाला, "शेट, नाव बरोबर विणलंय न्हवं? परवा निघायचंय." माझे वडील जाऊन कित्येक वर्षं झालेली. मी "हो, हो" म्हणालो आणि तो गेल्यावर दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. जुन्या मारांनी मेंदूला इजा झालीय, आता डोक्याला एक हिसकाही नको. आणि उस्ताद तर रोज सकाळी दोन्ही हातांत जाड पॅड चढवून पोरांचे ठोसे त्यांवर झेलायचा. रेणुकाचा ठोसा बसला की खांद्यापासून मानेपर्यंत हादरायचा. हे थांबलं नाही तर उरलंसुरलंही जाणार होतं. मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. रेणुकाने रडून सांगितलं, तर तिलाच म्हणाला, "तुजी जिल्ह्याची मॅच हाय. पॅड काय तुजा बाप धरणार?" मेहबूबभाईला म्हटलं, तुम्ही थोरले आहात, तुम्ही थांबवा. तो म्हणाला, "मी कुठल्या तोंडानं थांबवू अण्णा? तवा थांबिवलं न्हाई."

त्याच सुमारास त्या पोराने, म्हणजे आता चाळिशी उलटलेल्या त्या माणसाने, निवृत्ती मोडून पुन्हा लढायचं ठरवलं. लढत सातासमुद्रापार, तिकडे रात्री, आपल्याकडे सकाळी. रविवार होता. शेडमध्ये मी माझ्या घरचा टीव्ही आणून लावला. उस्ताद पुढे खुर्चीवर, मी आणि मेहबूबभाई मागे बाकावर, पोरं खाली ताडपत्रीवर. मारामारी न बघवणारा मी, पण त्या दिवशी उठून जाता येईना.

पोरगा म्हातारा झाला होता. पहिल्या राउंडलाच उस्ताद म्हणाला, "पाय गेले." मग मार सुरू झाला. समोरचा तरुण होता आणि त्याला घाई नव्हती. उस्ताद आधी ओरडत होता, "बस खाली! गुडघा टेक रे!" मग कोपऱ्यातल्या माणसांवर ओरडायला लागला, "फेका की! कुणाची वाट बघताय?" टीव्हीत एका माणसाच्या खांद्यावर टॉवेल स्पष्ट दिसत होता. तो त्याने स्वतःचं तोंड पुसायला वापरला आणि पुन्हा खांद्यावर ठेवला.

उस्ताद खुर्चीत मागे टेकला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्याच्या बी कोपऱ्यात भाऊच दिसतोय कुणाचा तरी."

त्यात राग नव्हता. मागे मेहबूबभाई बसलाय हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात तरी होतं का, मला सांगता येणार नाही. मेहबूबभाई मात्र उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, सहन झालं नाही म्हणून गेला.

लढत संपली. पोरगा हरला, उभ्यानेच. टीव्ही बंद झाला तसा उस्ताद उठला, हातांत पॅड चढवले आणि रिंगमध्ये जाऊन उभा राहिला. "रेणुका, चल. मार." ती हलेना. "मार म्हणतोय न्हवं!" तिने हळूच एक मारला. "काय शेळी राखती का? जोरात!" तिने डोळे मिटून मारला. उस्तादची मान मागे गेली, तो दोरावर रेलला आणि पुन्हा सरळ होऊन म्हणाला, "अजून."

तेवढ्यात मागून काहीतरी उडत आलं आणि दोघांच्या मधोमध ताडपत्रीवर पडलं. लाल काठ. अर्धवट उलगडलेल्या घडीतून उस्तादचं नाव वर आलेलं. दोरापलीकडे मेहबूबभाई उभा होता, हात अजून तसाच पुढे.

रेणुका मागे सरली. उस्तादने खाली पाहिलं, ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं. आता भडकणार, असं वाटून मी रिंगकडे निघालोही होतो. त्याने सावकाश एक गुडघा टेकला, पोरांना शिकवायचा तसा.

"तुमने फेका तो सही, भाई," तो म्हणाला, आणि पॅड घातलेले दोन्ही हात त्याने भावापुढे धरले.

मेहबूबभाई दोराखालून आत गेला आणि ते काढू लागला. मी सरळ बाहेर येऊन मागापाशी जाऊन उभा राहिलो आणि चालू मागाच्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं.

इथेच ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण उस्तादच्या डोक्यात आता काही टिकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा शेडवर आला, खुंटीवरचे पॅड काढले, चढवले आणि रेणुकाला हाक मारली. काल काय झालं, त्याला ठाऊकच नव्हतं. पॅड लपवून पाहिले, तर दिवसभर ते शोधत फिरला, जेवला नाही, चोर म्हणून पोरांच्या अंगावर धावून गेला. मग मेहबूबभाईनेच मार्ग काढला. आता तो रोज सकाळी गाठी भरायच्या आधी शेडमध्ये येतो, दोरापाशी उभा राहतो आणि रेणुकाने हात उचलायच्या आत टॉवेल फेकतो. उस्ताद रोज तो पहिल्यांदाच पडल्यासारखा बघतो, गुडघा टेकतो, हात पुढे करतो. रोज तेच म्हणतो. मेहबूबभाई रोज खाली मान घालून ते ऐकतो.

टॉवेल धुऊन धुऊन विरायला आलाय. नावातली अक्षरं उसवून त्यांचे लाल दोरे लोंबतात. परवा मी मेहबूबभाईला म्हणालो, वडिलांचा नमुना माझ्याकडे आहे, नवा विणून देतो. त्याने टॉवेलची घडी केली, ओल्या हाताने काठ सारखा केला आणि मान हलवली.

"नको अण्णा. मला ह्योच फेकायचा राहिला होता."